रोगाआधींचें औषध आणि रेवदंड्याची साक्ष

व्यापाराच्या इतिहासांत मालाची नोंद असते, रोगाची क्वचित् असते. कोणत्या बंदरांत किती घोडे उतरले, किती कापड व रेशीम चढलें, जकात कोणाच्या पदरांत पडली, हें दप्तरांतून शोधून काढतां येतें. परंतु त्याच गलबतांतून कोणते रोग किनाऱ्यास लागले हें पाहावयाचें तर भाषेकडे व जुन्या वैद्यकग्रंथांकडे वळावें लागतें. अष्टागरांतील रेवदंडा हें गांव अशा शोधास फार सोईचें आहे. त्याच्या पडक्या तटाच्या साक्षीनें ज्या एका प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों, तो प्रश्न जुना आहे, पण त्याचें उत्तर मात्र अगदीं अलीकडे हातीं आलें आहे. निरोगी माणसानें रोग होण्यापूर्वींच, किंवा रोगाचा स्पर्श झाल्याबरोबर, औषध घेऊन तो टाळावा कीं नाहीं, आणि तो रोग लाजेचा असला तर काय करावें, हा तो प्रश्न होय.

कुंडलिकेच्या मुखाशीं वसलेलें रेवदंडा हें प्राचीन चौलाचें समुद्राकडील अंग आहे. चौलाचें नांव ग्रीक खलाशांस माहीत होतें. दहाव्या शतकांत अल्-मसूदी या अरब प्रवाशानें सैमूर या नांवानें त्याची हकीकत लिहून ठेविली आहे. १५०८ सालीं याच किनाऱ्यासमोर इजिप्तच्या आरमारानें पोर्तुगीजांचा पराभव केला व त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा येथें मारला गेला. पुढें १५२१ सालीं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानें पोर्तुगीजांस रेवदंड्यास किल्ला बांधण्याची परवानगी दिली व १५२४ पर्यंत तो उभा राहिला. १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें त्यास वेढा घातला, तरी तो पडला नाहीं. १७४० सालीं तो मराठ्यांच्या हातीं आला. म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षें हें गांव फिरंग्यांचें नाकें होतें. त्या सहवासाचे अवशेष आजही पुसले गेलेले नाहींत. खाडीपलीकडे कोर्लईस ख्रिस्ती कुटुंबें पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणानें बनलेली आपली निराळी बोली अद्याप बोलतात. आणि गांवांत बेने इस्रायलांचें प्रार्थनामंदिर, देवळें, मशिदी व ख्रिस्तमंदिरांचे भग्नावशेष हे एकमेकांपासून फार दूर नाहींत.

आतां 'फिरंग' हा शब्द पाहावा. आमच्या भाषेंत त्यापासून फिरंगी माणूस झाला. त्यापासून सरळ पात्याची फिरंग तलवार झाली. आणि त्याच शब्दानें एक रोगही ओळखला जाऊं लागला. १४९५ च्या सुमारास नेपल्सच्या स्वारींत यूरोपांत प्रथम भडकलेला उपदंशाचा हा नवा प्रकार, १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास आल्यानंतर थोड्याच काळांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यास पोंचला. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथांत त्यास 'फिरंगरोग' असें नांव दिलें. फिरंग देशांत हा फार आढळतो व तेथील लोकांच्या संसर्गानें होतो, असें कारण सांगून त्यानें त्याचे बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर्भव असे तीन भेद केले, आणि रसकर्पूर व चोपचिनी हीं औषधें सांगितलीं. चरक-सुश्रुतांत नसलेला रोग दिसतांच त्यास नवें नांव देऊन नवें औषध सांगणारी ही वृत्ति आम्हांस फार मोलाची वाटते. जुन्या वैद्यकाचा अभिमान बाळगणारांनीं भावमिश्राचें हें धैर्य लक्षांत ठेवावें.

चोपचिनीची हकीकत दुसऱ्या बाजूनेंही मिळते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला, गोव्यास राहिला, आणि ज्या बुऱ्हाण निजामशहानें रेवदंड्याची परवानगी दिली त्याच्याच दरबारीं उपचारासाठीं जात असे. १५६३ सालीं त्यानें हिंदी वनस्पति व औषधें यांवरील आपले संवाद गोव्यांत छापविले. त्यांत चीन देशाहून येणाऱ्या या मुळीस एक स्वतंत्र संवाद दिलेला आहे. एकीकडे संस्कृतांत लिहिणारा पंडित आणि दुसरीकडे पोर्तुगीजांत लिहिणारा वैद्य, दोघेही एकाच शतकांत, एकाच रोगावर, एकच मुळी सांगतात. बंदरांनीं रोग आणला हें खरें. पण त्याच बंदरांनीं औषधही आणलें, हें विसरतां कामा नये.

परंतु नांवाची गोष्ट येवढ्यानें संपत नाहीं. आम्हीं ज्यास फिरंग म्हटलें, त्यास फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत, इटालियन लोक फ्रेंच रोग म्हणत, रशियन लोक पोलिश रोग म्हणत. प्रत्येक राष्ट्रानें हा रोग शेजाऱ्याच्या दारांत नेऊन ठेविला. रोगास परक्याचें नांव दिल्यानें मनाचें समाधान होतें, पण एक मोठा घात होतो. रोग परक्यांचा, बंदरावरच्यांचा, बदफैल्यांचा असें एकदां ठरलें कीं आपल्या घरांत तो शिरतां शिरतां दिसत नाहीं. आणि दिसला तरी त्याचें नांव काढवत नाहीं. 'गुप्तरोग' या मराठी शब्दांत हाच सारा इतिहास सांठविलेला आहे.

येथें रोगाआधींच्या औषधाकडे वळूं. निरोगी शरीरांत औषध घालून रोग टाळावा ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. गायीच्या देवीची लस हिंदुस्थानांत प्रथम टोंचली गेली ती मुंबईस, १४ जून १८०२ रोजीं, ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां वाल्डेमार हाफकिन यानें तीनच महिन्यांत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. लोकांनीं प्रथम संशय घेतला, अफवा उठल्या, पण पुढें लस मान्य झाली. ही झाली स्पर्श होण्यापूर्वींची तजवीज. स्पर्श झाल्यानंतरची तजवीज पास्तरनें १८८५ सालीं दाखवून दिली. पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास त्यानें टोंचणी देऊन वांचविलें. त्यांतील मर्म असें कीं रोगबीज शरीरांत शिरलें तरी रोग जडावयास कांहीं अवकाश लागतो, आणि त्या अवकाशांत औषध पुढें गेलें तर माणूस वांचतो. आज कोंकणांतल्या कोणत्याही खेड्यांत कुत्रें चावलें तर माणूस लाजत नाहीं. तो शेजाऱ्याची मोटारसायकल मागून दवाखाना गांठतो. 'कुत्र्याच्या वाटेस गेलासच कशाला?' असें विचारीत बसून कोणी त्याची टोंचणी अडवीत नाहीं.

लाजेच्या रोगांस मात्र हाच न्याय लावण्यास जगानें फार वेळ घेतला. १९०६ सालीं मेच्निकॉफ व रू या दोन शास्त्रज्ञांनीं पॅरिसच्या पास्तर संस्थेंत एक प्रयोग केला. मेझोनव्ह नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें आपल्या अंगावर उपदंशाचें विष मुद्दाम लावून घेतलें व तासाभरानें त्या जागीं पाऱ्याच्या क्षाराचें मलम चोळलें. त्याच विषानें माकडांस रोग झाला. मेझोनव्हास झाला नाहीं. संसर्गानंतर लावलेल्या औषधानें गुप्तरोग टळूं शकतो, हें या प्रयोगानें दाखविलें. पुढें पहिल्या महायुद्धांत निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनीं हा उपाय शिपायांसाठीं स्वीकारला, आणि त्याबरोबर वादही पेटला. औषध दिलें तर पाप निर्भय होईल, असें एक पक्ष म्हणे. औषध न दिलें तर शिपायाच्या निरपराध बायकोस व तिच्या मुलास शिक्षा होईल, असें दुसरा म्हणे. न्यूझीलंडची एटी राऊट ही बाई शिपायांस संरक्षक साहित्याच्या पेट्या पुरवीत असे. तिच्या सरकारनें पुढें तो उपाय अंगीकारला. पण तिचें नांव वर्तमानपत्रांत छापील त्यास शंभर पौंड दंड, असें ठरविलें!

महाराष्ट्रांत हा वाद ज्या एका माणसानें जवळजवळ एकट्यानें चालविला तो रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें, आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' या नांवाचें पुस्तकच लिहिलें. त्या नांवांतला 'बचाव' हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. रोग्यास दोष देणें नाहीं, रोगाचें भय घालणें नाहीं; फक्त बचाव. त्याबद्दल त्यांच्या वांट्यास अश्लीलतेचे खटले आले. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली. कर्व्यांचीं सर्वच मतें सर्वांस पटतील असें नाहीं. परंतु शरीराविषयींचें ज्ञान हें घरंदाज वाचकाच्या हातीं उघडपणें पडलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुढील पिढीनें किती लवकर विसरला, याचा दाखला मिळावयास फार दिवस लागले नाहींत.

१९८१ सालीं अमेरिकेंत एक नवा रोग ओळखला गेला. १९८३ सालीं पॅरिसच्या त्याच पास्तर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला. एच. आय. व्ही. तो हाच. हिंदुस्थानांत लोक म्हणत, हा परक्यांचा रोग, आमच्याकडे तो यावयाचा नाहीं. फिरंग रोगाच्या वेळची भाषा चारशें वर्षांनीं पुन्हां ऐकूं आली! १९८६ सालीं चेन्नईस डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनीं या विषाणूचे देशांतील पहिले रोगी शोधून काढले, आणि हा भ्रम फिटला. या सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या. आपल्या वडिलांच्या नांवानें त्यांनीं १९९३ सालीं तेथें एड्सच्या संशोधनाची व सेवेची संस्था काढली.

हा रोग आपल्या घराचा नव्हे, ही समजूत किती पोकळ होती तें पुण्यानें दाखविलें. १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरीस राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांपैकीं ५२५ स्त्रिया शरीरविक्रय न करणाऱ्या होत्या. त्यांपैकीं बहुतेकींनीं आपल्या नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषाचें तोंड पाहिलें नव्हतें. तरी त्यांतल्या १३.६ टक्के स्त्रियांच्या रक्तांत हा विषाणु आढळला. या बायकांचा अपराध कोणता? लग्न केलें, येवढाच. औषध दिल्यानें पाप निर्भय होतें म्हणणारांनीं हा आंकडा समोर ठेवून मग बोलावें.

आतां औषधानें बचाव कसा होतो तें पाहूं. हा विषाणु स्वतः वाढूं शकत नाहीं. तो रक्तांतील विशिष्ट पेशींत शिरतो, आपल्या बीजाची नक्कल पेशीच्या लिपींत उतरवितो, आणि ती नक्कल पेशीच्या मूळ दप्तरांत चिकटवून देतो. एकदां ती तेथें चिकटली कीं आजच्या औषधांनीं ती पूर्णपणें उपटून काढतां येत नाहीं. रोग दाबून ठेवतां येतो, निर्मूळ करतां येत नाहीं. परंतु संसर्गानंतर पहिले कांहीं तास तो शिरल्या जागेच्या आसपासच असतो. दोन-तीन दिवसांत तो गांठींपर्यंत व तेथून सर्व शरीरांत पसरतो. या अवकाशांत नक्कल उतरविण्याचें काम औषधानें बंद पाडलें तर त्यास ठाणें मिळत नाहीं. माकडांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं चोवीस तासांच्या आंत टेनोफोविर सुरू करून तें अठ्ठावीस दिवस चालविलें, तर सर्व प्राणी वांचले. सुरुवात उशीरां केली, किंवा दिवस कमी केले, तर कांहींचा बचाव झाला नाहीं. बहात्तर तासांची मर्यादा व अठ्ठावीस दिवसांचा क्रम यांचें मूळ हें असें आहे. बहात्तर तास ही शेवटली सीमा होय, सवड नव्हे. जितकें लवकर तितकें बरें.

माणसांच्या बाबतींत पहिला मोठा पुरावा आईपासून मुलाकडे जाणाऱ्या संसर्गाचा मिळाला. १९९४ सालीं अमेरिका व फ्रान्स येथील प्रयोगांत झिडोव्हुडिन हें औषध गरोदरपणीं व बाळंतपणीं आईस, आणि नंतर मुलास दिलें, तेव्हां संसर्गाचें प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलें. परंतु आपल्याकडील आईस मुलाला अंगावर पाजावें लागतें, आणि दुधांतूनही विषाणु जातो. पाजूं नये म्हणावें तर वरच्या दुधाच्या हगवणीनें मूल दगावतें. हा पेंच सोडविण्याच्या प्रयत्नांत पुण्याचा मोठा वांटा आहे. येथील बी. जे. मेडिकल कॉलेजांत, तसेंच इथिओपिया व युगांडा येथें, पाजल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलांस जन्मतःच एकदां नेविरापिन देण्याऐवजीं सहा आठवडे रोज देऊन पाहिलें. २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहाव्या आठवड्यास रोज औषध घेणाऱ्या मुलांत संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला होता. औषध थांबल्यावर मात्र हा लाभ सहाव्या महिन्यापर्यंत ओसरत गेला. पाजणें चालू असेपर्यंत संरक्षणही चालू पाहिजे, हा धडा जगानें घेतला, आणि त्यांत पुण्याच्या आयांचा व बाळांचा भाग आहे.

दुसरा पुरावा दवाखान्यांतून आला. रोग्याच्या रक्तानें माखलेली सुई बोटांत घुसलेल्या परिचारिका व डॉक्टर यांची १९९७ सालीं जी पाहणी झाली, तींत झिडोव्हुडिन घेणारांत संसर्गाचा धोका सुमारें ८१ टक्क्यांनीं कमी दिसला. आपल्या देशांत आतां सरकारी मार्गदर्शनाप्रमाणें तीन औषधांचा क्रम अठ्ठावीस दिवस देतात. २०१७ च्या कायद्यानें, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला, रक्ताशीं संबंध येणाऱ्या कामगारांस हें औषध पुरविणें हें कर्तव्यच ठरविलें आहे.

तिसरा प्रकार संसर्गाच्या आधींचा. नवरा किंवा बायको रोगी आहे, किंवा अन्य कारणानें धोका वारंवार येतो, अशा निरोगी माणसानें रोज एक गोळी घ्यावयाची. २०१० सालीं सहा देशांतील २४९९ जणांवरील प्रयोगाचा निष्कर्ष बाहेर आला. गोळी दिलेल्या गटांत संसर्ग ४४ टक्क्यांनीं कमी होता, आणि ज्यांच्या रक्तांत औषध खरोखर सांपडलें त्यांच्यांत त्याहून पुष्कळच कमी होता. १६ जुलै २०१२ रोजीं अमेरिकेनें या उपयोगास मान्यता दिली. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तो सर्व देशांस सुचविला. पण त्याच सुमारास आफ्रिकेंतील पांच हजारांवर स्त्रियांचा दुसरा प्रयोग साफ फसला. औषध खोटें नव्हतें. स्त्रिया गोळ्या घेतों म्हणत, डबे रिकामे परत देत. रक्त तपासलें तेव्हां तिसांपेक्षां कमी टक्के नमुन्यांत औषध सांपडलें. कारणें शोधतां जीं पुढें आलीं त्यांत एक प्रमुख असें होतें कीं या गोळ्या घरांत कोणीं पाहिल्या तर हिलाच रोग आहे असें लोक म्हणतील. गोळी डबींत होती आणि लाज दारांत उभी होती!

आमच्या लेखाचें तात्पर्य येथें आलें आहे. भावमिश्राच्या काळीं औषध अपुरें होतें. मेझोनव्हाच्या मलमाचा अवधि फार थोडा होता. आज औषध पक्कें आहे, अवधि तासांत नव्हे तर दिवसांत मोजतां येतो, आणि तरी रोग होतो. कारण राहिलेलें अंतर रसायनशास्त्रांतील नाहीं, तें उंबरठ्यावरचें आहे.

किंमतीची अडचण होती, तीही बरीच सुटली आहे, व तींत महाराष्ट्राचा हात आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं मुंबईस स्थापिलेल्या सिप्ला कंपनीनें, त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांच्या पुढाकारानें, २००१ सालीं तीन औषधांचा वर्षभराचा क्रम ३५० डॉलरांस देऊं केला. तोंपर्यंत त्यास दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यानें औषधाच्या पदार्थावर नव्हे, कृतीवरच हक्क मान्य केला होता, म्हणून हें शक्य झालें. या कंपनीचा एक कारखाना रेवदंडा ज्या रायगड जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांत, पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींत आहे. २०२४ सालीं तर वर्षांतून दोनदां टोंचावयाच्या लेनाकापाविर या औषधाचा निष्कर्ष आला : दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील तें घेणाऱ्या २१३४ स्त्रियांपैकीं एकीसही संसर्ग झाला नाहीं. घरांत डबी ठेवावयास नको, शेजारणीच्या नजरेस पडावयास नको! त्याच वर्षीं तें स्वस्तांत करण्याचे परवाने ज्या सहा कंपन्यांस मिळाले, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. आणि जून २०२५ मध्यें अमेरिकेनें त्यास मान्यता दिली.

आतां विरुद्ध बाजूचें म्हणणें. औषधाच्या भरंवशावर लोक बेफिकीर होतील, ही शंका आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. ही गोळी उपदंशास व इतर गुप्तरोगांस अडवीत नाहीं, म्हणून निरोधाची जागा ती घेऊं शकत नाहीं. रक्त तपासल्यावांचून ती सुरू करणें धोक्याचें आहे; कारण आधींच संसर्ग असेल तर अपुऱ्या औषधानें विषाणु त्या औषधास निर्ढावतो. मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावें लागतें. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीवांचून हें काम नव्हे. पण हीं सारीं कारणें औषध विचारपूर्वक देण्याचीं आहेत, तें नाकारण्याचीं नाहींत. आणि संयम हाच खरा उपाय असें म्हणणारांस आम्ही नम्रपणें विचारतों : सुई टोंचलेल्या परिचारिकेनें कोणता संयम पाळावयाचा होता? बलात्कार झालेल्या मुलीनें कोणता? ज्या नवऱ्याची चांचणी कधीं झालीच नाहीं त्याच्या बायकोनें कोणता? आणि ज्यानें खरोखरच चूक केली, त्यास आयुष्यभराचा रोग ही शिक्षा कोणत्या धर्मशास्त्रांत सांगितली आहे?

पुन्हां रेवदंड्याकडे येऊं. १५७० च्या वेढ्यांत किल्ला टिकला याचें एक कारण असें कीं समुद्राची बाजू मोकळी होती, आणि तिकडून वेळेवर कुमक येत राहिली. आजच्या रेवदंडेकरासही कुमक दूर नाहीं. अलिबागेचें जिल्हा रुग्णालय सतरा-अठरा किलोमीटरांवर आहे. बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रीस सरकारी व खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांनीं विनामूल्य प्रथमोपचार केलेच पाहिजेत, असा कायदा २०१३ सालीं झाला. २०१७ च्या कायद्यानें रोग्याचें नांव गुप्त ठेवण्याची जबाबदारी घातली आहे. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडून विनामूल्य माहिती मिळते. वाट अर्ध्या-पाऊण तासाची आहे. बहात्तर तास पुरून उरावेत. पण घडलेली गोष्ट आईस सांगूं कीं नको, वडील काय म्हणतील, डॉक्टर ओळखीचे निघाले तर, या विचारांतच पहिली रात्र जाते, दुसरी जाते. आणि अलिबागची मोटार गांठली जाते ती चौथ्या दिवशीं.

म्हणून आमची सूचना राज्यकर्त्यांस नाहीं, ती आमच्याच वाचकांच्या घरांस आहे. कुत्रें चावलें तर काय करावें हें जसें आमच्या मुलांस पाठ असतें, तसेंच हे दोन आंकडे, बहात्तर तास व अठ्ठावीस दिवस, त्यांस पाठ असावेत. ते जेवणाच्या पंक्तींत सांगावयास अवघड वाटत असतील, तर निदान हा अंक दिवाणखान्यांत उघडा पडूं द्यावा. आणि एखाद्या दिवशीं घरांतल्या कोणीं, मग ती परिचारिका झालेली मुलगी असो, बोटीवरून परतलेला पुतण्या असो, कीं मोलकरीण असो, खालच्या आवाजांत कांहीं सांगावयास सुरुवात केली, तर 'असें कसें झालें?' हा प्रश्न महिनाभर राखून ठेवून, 'किती वेळ झाला?' येवढेंच प्रथम विचारावें.